वाटून दिलेले प्रश्न

माणसं घडवणाऱ्यांना घडवणं, यापरतं पवित्र काम जगात दुसरं नाही. आमच्या अध्यापक विकास केंद्रात प्रत्येक वर्गाच्या उद्घाटनाला हे वाक्य म्हटलं जायचं आणि सभागृहात क्षणभर शांतता पसरायची. म्हणणारा पाहुणा दर वेळी वेगळा असे. वाक्य मात्र माझं होतं. पाहुण्यांना भाषणाचे मुद्दे आधी पाठवावे लागत, ते मी टाइप करायचो, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईत लिहिलेला पहिला मुद्दा पुढं कोणी बदलायला सांगितला नाही. हे वाक्य म्हणताना डोळे पुसणारे पाहुणेही मी पाहिले आहेत. त्यानंतर चहा होई, आणि चहाच्या रांगेतला पहिला प्रश्नही ठरलेला असे : “भाऊसाहेब, प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी हातात मिळतं, का पोस्टानं येतं?”

भाऊसाहेब म्हणजे मी. केंद्राचा कार्यालय अधीक्षक. मी प्राध्यापक नाही, कधी नव्हतो. प्राध्यापकांना शिकवायला शिकवतात त्या खोलीच्या किल्ल्या माझ्याकडं होत्या, एवढाच माझा शिक्षणाशी संबंध. पण किल्ल्या ज्याच्याकडं असतात त्याला खोलीत काय चाललंय ते बऱ्यापैकी कळतं.

बाहेरच्या माणसाला हा धंदा थोडा समजावून सांगायला हवा. शाळेत शिकवायचं तर शिकवण्याची पदवी लागते. कॉलेजात लागत नाही. एखाद्या किड्याच्या पायांवर पाच वर्षं संशोधन केलेला माणूस एका सकाळी हातात खडू घेऊन उभा राहतो आणि समोर ऐंशी पोरं असतात. किड्याला कधी कंटाळा आलेला नसतो. पोरांना पाचव्या मिनिटाला येतो. म्हणून वरून ठरलं, की नोकरीला लागलेल्या प्राध्यापकांना तीन आठवडे बोलवायचं आणि शिकवण्याचं कौशल्य शिकवायचं. ठरवलं ते चांगलंच होतं. पण त्याबरोबर असंही ठरलं, की हा वर्ग केल्याशिवाय वरची वेतनश्रेणी नाही. तेव्हापासून वर्गाला येणारा माणूस कशासाठी येतो यावर चर्चा करायची गरज उरली नाही.

एक उदाहरण देतो. जगात सगळीकडं निरोपाचा फोटो शेवटच्या दिवशी काढतात. आम्ही पहिल्या दिवशी काढायचो. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र हातात पडलं की बीड, जालना, लातूरच्या गाड्या भराभर भरत, आणि फोटोत संचालक, शिपाई आणि मी एवढेच उरत असू. त्यामुळं आमच्या भिंतीवरच्या सगळ्या फोटोंत माणसं एकमेकांना ओळखत नसल्यासारखी उभी आहेत. खरंच ओळखत नव्हती.

केंद्रात येण्याआधी मी दोन वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. बजाजनगरात खोली घेऊन राहायचो. तिथंही प्रशिक्षण असे. आठ दिवस पोराला मशीनवर उभं करत आणि नवव्या दिवशी त्यानं केलेला जॉब, म्हणजे सुटा भाग, गेजच्या मापात घालून बघत. बसला तर पोरगा शिकला, अडकला तर नाही शिकला. भाषण नसे. प्राध्यापकांचा जॉब मोजायला असं गेज अजून निघालेलं नाही. त्याऐवजी आमच्याकडं सूक्ष्म पाठ होता.

सूक्ष्म पाठ म्हणजे सहा मिनिटांचा तास. एका प्राध्यापकानं शिकवायचं आणि वर्गातल्याच सात प्राध्यापकांनी समोर बाकावर विद्यार्थी म्हणून बसायचं. मागं खुर्चीवर तज्ज्ञ. तज्ज्ञ आणि ते सातजण, सगळ्यांच्या हातात मूल्यमापनाचा तक्ता : प्रस्तावना, फळ्याचा वापर, आवाजातले चढउतार, विद्यार्थी सहभाग, समारोप. पाच मिनिटं झाली की मी टेबलावरची घंटी एकदा वाजवायची, सहा झाली की दोनदा. दोनदा वाजली की खडू खाली.

विद्यार्थी म्हणून प्राध्यापक फार गोड असतात. मान हलवतात, हसायच्या जागी हसतात, आणि फळ्यावर लिहिलेलं सगळं उतरवून घेतात. कारण उघड आहे. आज जो फळ्यापाशी आहे तो उद्या बाकावर असणार आणि त्याच्या हातात तक्ता असणार.

अडचण एकाच रकान्याची होती. विद्यार्थी सहभाग. विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले तर गुण. पण समजा कोणी खराखुरा प्रश्न विचारला आणि शिकवणाऱ्याला उत्तर आलं नाही, तर? एवढा धोका सुशिक्षित माणूस पत्करत नाही. त्यातून चिठ्ठ्यांची रीत निघाली. ज्याचा पाठ असेल त्यानं आदल्या दिवशी आपले चार-पाच प्रश्न कागदावर लिहायचे, माझ्याकडून झेरॉक्स करून कापून घ्यायचे आणि बाकावरच्या मित्रांना वाटायचे. तुम्ही माझा विचारा, मी तुमचा विचारतो. ही रीत कोणी सुरू केली माहीत नाही. कुठं लिहिलेली नव्हती, म्हणून सगळे पाळायचे.

एकदा एका सरांच्या खिशात दोन पाठांच्या चिठ्ठ्या एकत्र झाल्या. राजधानी दौलताबादला का हलवली, असा इतिहासाचा पाठ रंगात आला होता. ठरल्या जागी हे सर उठले, चिठ्ठीकडं बघितलं आणि म्हणाले, “सर, म्हशीच्या पोटाला चार कप्पे का असतात?”

इतिहासाचे सर ठरलेल्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर पाठ करून आले होते. ते प्रसन्न हसले. “फार छान प्रश्न विचारलात. याची कारणं प्रामुख्यानं राजकीय आहेत.”

कोणी हसलं नाही. कोणी ऐकतच नव्हतं. तज्ज्ञांनी तक्त्यात ‘प्रश्नोत्तरे ओघवती’ असं लिहिलं. तो तक्ता मी स्वतः फाइलला लावला.

हे सगळं मी इतकी वर्षं मजेत बघत होतो. मजा गेली ती रझिया मॅडमच्या वेळी.

प्रा. रझिया सय्यद पैठणच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. रोज एसटीनं यायच्या, रोज सही करणाऱ्यांत पहिल्या असायच्या. या वर्गासाठी त्यांनी आधी तीनदा अर्ज केला होता, आणि तीनही वेळा त्यांच्या प्राचार्यांनी सोडलं नव्हतं, कारण त्यांचे तास घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. दरम्यान त्यांचाच एक विद्यार्थी त्याच कॉलेजात लागला. त्याला वेळेवर सोडलं. त्याचे वर्ग झाले, श्रेणी वाढली, आणि आता तो विभागप्रमुख होता. मॅडमच्या रजेच्या अर्जावर त्याची सही लागायची.

“पोरगा चांगलाय हो भाऊसाहेब,” मॅडम म्हणाल्या होत्या. “सही करताना खाली बघतो बिचारा.”

वर्ग शनिवारी संपणार होता आणि सोमवारी त्यांची पदोन्नतीची मुलाखत होती. फाइलमध्ये प्रमाणपत्र हवं, प्रमाणपत्राला सूक्ष्म पाठात किमान ब श्रेणी हवी. ब मिळणं अवघड नव्हतं. ब आजवर फार थोड्यांना मिळाली होती; बाकी सगळ्यांना अ.

पाठाच्या आदल्या दुपारी मी त्यांना विचारलं, “मॅडम, चिठ्ठ्या देताय ना? झेरॉक्स पाचला बंद करतो मी.”

“कसल्या चिठ्ठ्या?”

मी सांगितलं. त्यांना आधी मी थट्टा करतोय असं वाटलं.

“नक्को भाऊसाहेब. प्रश्न मीच वाटले तर कोणाला काय कळलं, हे मला कसं कळणार?”

“मॅडम, ते कळून घ्यायचं नसतं. सहा मिनिटं असतात फक्त.”

त्या हसल्या आणि बस पकडायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाकावर सात जण होते. त्यात भूगोलाचे एक सर, आणि मागच्या कोपऱ्यात साळुंके सर. साळुंके सर बीडकडचे, मराठी शिकवणारे, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. इतकी वर्षं वर्ग टाळून शेवटी श्रेणी अडल्यावर आलेले. खुर्चीवर तज्ज्ञ म्हणून डॉ. बोर्डे, शिक्षणशास्त्रातले नावाजलेले.

मॅडमनी फळ्यावर एक रेघ ओढली. एका टोकाला पैठण, दुसऱ्या टोकाला संभाजीनगर. “मधलं अंतर समजा साठ किलोमीटर.”

“साठ नाय मॅडम,” भूगोलाचे सर म्हणाले, “पन्नासच्या आसपास आहे.”

“हौ सर. हिशोबाला सोपं म्हणून रस्ता थोडा लांबवते. तर जाताना गाडी ताशी साठच्या वेगानं गेली. येताना रस्त्याचं काम चालू, म्हणून ताशी तीसच्या वेगानं आली. जाऊन-येऊन सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग किती?”

“पंचेचाळीस!” बाक एका सुरात म्हणाला. मागून डॉ. बोर्डेही म्हणाले, जरा वडीलधाऱ्या आवाजात, पोरांना धीर यावा म्हणून. मीही मनात पंचेचाळीसच म्हटलं होतं.

मॅडमनी खडू हातातच धरला. त्या थांबल्या. सूक्ष्म पाठात कोणी थांबत नाही. सहा मिनिटांत थांबायला जागाच नसते. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “पंचेचाळीस नाही.”

खोलीत असं काही पसरलं, जे माझ्या एवढ्या नोकरीत पसरलं नव्हतं. सात प्राध्यापक आणि एक तज्ज्ञ चुकले होते, आणि ते त्यांना तोंडावर सांगितलं गेलं होतं. दोघांनी मोबाइल काढला. एका मॅडमनी पदर सारखा केला. भूगोलाचे सर फळ्यावरच्या रेघेकडं रागानं बघत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

“मॅडम, मला नाय कळलं.”

साळुंके सर. हे वाक्य त्या खोलीत मी पहिल्यांदा ऐकलं.

“साठ आन् तीस नव्वद, भागिले दोन, पंचेचाळीस. चुकलं कुठं?”

“घाई झाली सर, एवढंच. मला सांगा, जाताना गाडीत किती वेळ बसलात?”

“साठ किलोमीटर, साठचा वेग. एक तास.”

“आणि येताना?”

सरांनी बोटं दुमडून मोजलं. “तीसनं आलो तर... दोन तास.”

“मग जास्त वेळ कुठल्या वेगात होतात?”

“तीसच्याच की.”

“मग दोन्ही वेगांना सारखा मान कसा देता?”

साळुंके सर बघत राहिले. मग पुन्हा बोटांवर मोजायला लागले. “एकूण एकशे वीस किलोमीटर. तास झाले तीन. एकशे वीस भागिले तीन...” आणि ते बाकावरून उठलेच. “च्यायला, चाळीस!”

मीही त्यांच्याबरोबर मनात भागाकार करत होतो. चाळीस आले तेव्हा माझी नजर घड्याळावर गेली. सहा मिनिटं होऊन वर अर्धं मिनिट गेलेलं, आणि मी पाचव्या मिनिटाची घंटीही विसरलो होतो. दचकून मी घंटी दोनदा वाजवली. मॅडमचा समारोप राहिला. त्यांनी खडू खाली ठेवला.

माझं घड्याळ कोणी तपासत नसे. वजनदार माणसांच्या पाठाला मी आठ-आठ मिनिटं घंटीकडं बघितलेलं नाही. त्या दिवशी आणखी एक मिनिट हात खिशात ठेवला असता तर समारोप झाला असता. हे मी आता लिहितोय. तेव्हा सुचलं नाही.

तक्ते मी गोळा केले. भूगोलाच्या सरांनी लिहिलं होतं, ‘अंतर चुकीचे’. आणखी एकानं, ‘उदाहरण फसवे’. पदर सारखा केलेल्या मॅडमनी, ‘विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास खचतो’. विद्यार्थी सहभागाच्या रकान्यात डॉ. बोर्ड्यांचा शेरा : ‘एकच विद्यार्थी सहभागी, तोही न समजल्याचे सांगतो. बहुमताने आलेल्या उत्तराचा आदर व्हायला हवा होता.’ साळुंके सरांनी सगळ्या रकान्यांत पैकीच्या पैकी दिले होते. पण नियमाप्रमाणे सगळ्यात जास्त गुणांचा तक्ता आणि सगळ्यात कमी गुणांचा तक्ता वगळायचा असतो. कमी गुणांचे तीन होते, त्यातला एक गेला. जास्तीचा एकच होता, तो गेला.

क श्रेणी आली. केंद्राच्या इतिहासातली पहिली. प्रमाणपत्राच्या छापील नमुन्यात क लिहायला जागाच नव्हती.

संचालक हादरले. मॅडमसाठी नव्हे.

“भाऊसाहेब, आपल्याकडं येऊन माणूस नापास झाला असं दिसेल हो हे! काहीतरी बघा.”

मी नियमावली काढली. तिच्या शेवटच्या पानावर ‘पुनरध्यापन’ नावाचा नियम होता : कमी श्रेणी मिळाल्यास सूचनांचा विचार करून पाठ एकदा पुन्हा घेता येईल. आजवर कोणाला कमी श्रेणीच मिळाली नव्हती, त्यामुळं ते पान कोरं करकरीत होतं. शुक्रवार ठरला.

कँटीनमध्ये मी मॅडमना सांगितलं. त्यांनी चहा बाजूला सरकवला.

“म्हणजे तेच परत शिकवू?”

“वेगळं घ्या मॅडम. ज्याचं उत्तर सगळ्यांना आधीच येतं, असं काहीतरी.”

“मग शिकवायचं काय त्यात?”

त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“सोमवारी मुलाखत आहे माझी, भाऊसाहेब.”

“माहितीये मला.”

“पंचेचाळीस म्हणू का मग?”

मी इतकी वर्षं लोकांना फॉर्म कसे भरायचे ते सांगत आलो. या वेळी चहाचा कप विसळायला नेला, तेवढंच.

शुक्रवारी सकाळी त्या बसमधून उतरून थेट माझ्या टेबलापाशी आल्या. वळणदार अक्षरात लिहिलेला एक कागद पुढं केला. पाच प्रश्न. मी झेरॉक्स काढली, फुटपट्टी लावून चिठ्ठ्या कापल्या, आणि गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकीवर क्रमांक घातले. माझ्या हातून इतकं नीट काम क्वचितच झालं असेल.

पाठ होता : पाच विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी. बेरीज करा, पाचनं भागा. बाकावर आनंद पसरला. उत्तरं फटाफट आली आणि सगळी बरोबर आली. प्रश्न क्रमानं उठले. तिसरी चिठ्ठी साळुंके सरांकडं होती. त्यांनी ती हातभर लांब धरली, चष्मा वर सरकवला आणि एकेक अक्षर लावत वाचली : “मॅडम, सरासरी म्हणजे नेमकं काय?” मॅडमनी सांगितलं. सर बसले. समारोप झाला तेव्हा घड्याळात साडेपाच मिनिटं झाली होती.

डॉ. बोर्डे उभे राहिले. “याला म्हणतात सुधारणा! बघा, टीका खुल्या मनानं घेतली की काय होतं!” टाळ्या झाल्या. भूगोलाच्या सरांनी तर उठून अभिनंदन केलं. श्रेणी अ अधिक.

सगळे पांगल्यावर साळुंके सर माझ्याकडं आले आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

“घ्या तुमची. आज नुसतं विचारलं मी. कळलं होतं ते त्या दिवशीच.”

“चांगलं झालं ना सर. मॅडमचं काम झालं.”

“व्हय, ते झालं.” ते गेले नाहीत. “भाऊसाहेब, अठ्ठावीस वर्षं शिकवतोय. माझ्या वर्गात एक पोरगं उठून म्हणलं नाय कधी, सर, मला कळलं नाय. मला वाटायचं, लई चांगलं शिकवतो मी.”

मी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. दुसरं काय करणार?

सोमवारी संध्याकाळी मॅडमचा फोन आला. “झालं भाऊसाहेब.” मुलाखत चांगली गेली होती, फाइल पूर्ण होती, कोणी काही विचारलंच नव्हतं. पेढे त्यांच्या त्या विद्यार्थ्यानंच आणले होते. मी अभिनंदन केलं. मग त्या म्हणाल्या, “तो दुसरा पाठ घरी कोणाला सांगितला नाही मी.”

गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण दोनेक वर्षांनी केंद्राच्या तपासणीला बाहेरून समिती आली. समितीला पुरावा हवा होता, की आमच्याकडं येऊन प्राध्यापकांच्या शिकवण्यात फरक पडतो. संचालकांनी सगळे वर्ग धुंडाळले. जो येई त्याला पहिल्याच पाठाला अ, क्वचित ब, आणि तीच शेवटपर्यंत. सुधारणा दाखवायला जागाच नव्हती. सगळ्या दप्तरात वर चढलेला माणूस एकच निघाला : रझिया सय्यद, क वरून अ अधिक, अवघ्या आठवड्याभरात. अहवालात त्यांच्यावर स्वतंत्र पान आलं, रंगीत आलेखासह. आलेखात दोनच ठिपके होते, पण रेघ फार झोकदार चढत होती.

समितीचे अध्यक्ष खूश झाले. “हे उल्लेखनीय आहे. दोन पाठांच्या मध्ये नेमकी कोणती पद्धत वापरली तुम्ही?”

संचालकांनी माझ्याकडं बघितलं. खोटं बोलायला मला वेळ मिळाला नाही.

“पाठाआधी विद्यार्थ्यांना प्रश्न वाटून दिले, साहेब.”

“वा!” अध्यक्षांनी ते वहीत लिहून घेतलं.

अहवालात ‘पूर्वनियोजित प्रश्नवितरण’ या नावानं त्याची केंद्राची उत्तम पद्धत म्हणून नोंद झाली. पाठोपाठ परिपत्रक निघालं, तेही मीच टाइप केलं : सूक्ष्म पाठाचे प्रश्न आदल्या दिवशी दोन प्रतींत कार्यालयात जमा करावेत, एक प्रत विद्यार्थ्याला द्यावी, दुसरी फाइलला लावावी. मी निवृत्त होईपर्यंत पुन्हा कोणाला क मिळाली नाही. परिपत्रक अजून लागू आहे. चिठ्ठी हरवल्यास दुसरी प्रत कार्यालयात मिळते. साधा अर्ज करावा लागतो.